संगत्याचे ऋण

रिंगणाचा सोहळा आपण सर्वांनीच पाहिला आहे. टाळ-मृदंगाचा गजर चाललेला असतो, पताका घेतलेले वारकरी धावतात, तुळशी-हंडे घेतलेल्या मायबहिणी धावतात आणि मग अश्व सुटतात. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसऱ्याची पाठ मोकळी असते. पाहणाऱ्या परक्याला वाटेल, हा घोडा रिकामा का धावतो? परंतु आपण त्याला रिकामा म्हणत नाही. त्यावर साक्षात माऊली आरूढ आहेत हा आपला भाव. अश्व पुढे गेला की त्याच्या टापेखालची माती कपाळी लावायला लहानथोर सारे झेपावतात. जो डोळ्यांना दिसत नाही तो आपल्याबरोबर चालत आहे, ही खूण त्या मोकळ्या पाठीने आपल्याला दिली आहे.

या खुणेचा अर्थ मला एका शिपायाने शिकविला. तीच हकीकत आज सेवेला घेतो.

१९७२ सालची आषाढी. तो दुष्काळाचा काळ. आषाढ लागला तरी पाऊस नव्हता, वाटेने धुरळा उडत होता. मी तेव्हा चौदा वर्षांचा, आजोबांच्या बोटाला धरून दिंडीत आलेला. आमच्या दिंडीत पुरंदरकडचे एक निवृत्त फौजी होते. मराठा पलटणीत हवालदार होऊन आलेले. सारे त्यांना हवालदारबाबा म्हणत. बोलणे बेताचे, चालणे सरळ, पहाटे सर्वांच्या आधी उठून पाण्याच्या टाकीपाशी उभे. वाखरीच्या अलीकडे बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगण झाले, अश्व गेला, आणि बाबांनी वाकून माती कपाळी लावली. मग पुन्हा वाकले आणि दुसऱ्यांदा लावली. मी ते पाहिले, पण विचारले नाही.

पंढरीत पोचल्यावर आम्ही दर्शनाच्या बारीत उभे राहिलो. किती तास गेले याचा हिशेब नव्हता. देवाच्या पायांवर डोके ठेवून बाहेर आलो तेव्हा पाय थरथरत होते. आजोबा म्हणाले, "चला, आता मुक्कामी." हवालदारबाबा मात्र आमच्याबरोबर आले नाहीत. ते पुन्हा बारीच्या शेवटी जाऊन उभे राहिले. मी चकित झालो. आजोबा एवढेच म्हणाले, "त्यांना दोनदा जावं लागतं. एक त्यांची वारी, एक गड्याची."

पौर्णिमेला काला झाला. परतीच्या वाटेवर एका झाडाखाली मी धीर करून विचारले, "बाबा, तुमचा गडी कोण?" त्यावर जे त्यांनी सांगितले ते आज पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटला तरी माझ्या कानांत आहे.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेत सुमारे २५ लाख जवान दाखल झाले होते. राज्य परक्याचे, लढाई परमुलखातली. बाबा म्हणाले, "कुणाची लढाई हे आम्हांला कुठं ठावं होतं? घरात खाणारी तोंडं आठ, म्हणून भरती झालो. पण एकदा गड्याच्या खांद्याला खांदा लावला की मग लढाई कुणाचीबी असू दे, गडी आपला असतो." त्यांचा तो गडी दोन कोसांवरच्या गावचा. दोघांची घरे माळकरी. गड्याचा बाप लहानपणीच गेलेला, घरी एकटी आई. निघताना तिला शब्द देऊन आला होता की, परत आलो की तुला पायी पंढरीला नेईन. गळ्यातली तुळशीची माळ त्याने पलटणीतही काढली नाही. रात्री पहाऱ्यावर असताना हळू आवाजात हरिपाठ म्हणायचा. इटलीच्या बर्फात, चिखलात, परक्या डोंगरांत हरिपाठ! बाबा म्हणाले, "थंडीनं बोटं वळत न्हवती, पर त्याचा हरिपाठ चुकत न्हवता."

सज्जनहो, त्या मुलखात आपल्या माणसांनी काय केले ते थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याच तालुक्यांतली ही माणसे. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. यंत्रबंदुकीच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले सारे जवान मेले किंवा घायाळ झाले. हा एकटा उरलेला वीर त्या ठाण्यावर धावून गेला आणि त्याने ते बंद पाडले. मग शत्रूच्या गोळीने तिथेच देह ठेवला. वय अवघे बावीस. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह मात्र हाती लागला नाही. कासिनो येथील स्मारकावर, ज्यांच्या समाधीचा ठाव नाही अशा चार हजारांवर सैनिकांत त्यांचे नाव कोरलेले आहे. पुढे ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी दोन घायाळ सोबत्यांना, एकदा एकाला आणि पुन्हा जाऊन दुसऱ्याला, खोल पाण्यातून, निसरड्या उंच बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर आणले. मग परत जाऊन शत्रूची तीन ठाणी मोडली आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांचा जयघोष केला. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. ते जगले आणि घरी आले.

पण त्या रात्री नदीवर गेलेले सारेच घरी आले नाहीत. बाबांचा गडी त्याच नदीवर पडला.

बाबा म्हणाले, "ब्रेनगनचा दोन नंबर माझा हुता. म्हंजे एकानं गोळी झाडायची, मी जवळ पडून काडतुसं पुरवायची. त्या दिशी मी तापानं फणफणलो हुतो. मला मागं तळावर धाडला. माझ्या जागी त्यो गेला. जाताना म्हणला, उद्या येतो, माझी चादर घे. दुसऱ्या दिशी त्यो आला न्हाई. दुसरा एक गडी आला आन् माझ्या हातावर सात मणी ठेवले. तुटलेल्या माळंचे." त्यानंतर तेविसाव्या दिवशी, २ मे १९४५ ला, इटलीतली लढाई थांबली. तेवीस दिवस! बाबा तो आकडा मोजून होते.

आता पुढचे ऐका, कारण या कथेचे मर्म इथे आहे. १९४६ च्या आरंभी बाबा सुटून घरी आले. गड्याच्या घरी तार कधीच पोचलेली होती. आई तिथे, दोन कोसांवर. सात मणी बाबांच्या खिशात. पण बाबा गेले नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ. पेरणी आहे, काढणी आहे, पावसाचे दिवस आहेत. पालखी सासवडला यायची तेव्हा सारा मुलूख रस्त्यावर लोटायचा. बाबा मात्र शेतात जाऊन बसायचे. का? तर गड्याची आई रस्त्यावर उभी असेल, तिची नजर पडेल. माळकऱ्याचा पोर माऊलींच्या पालखीला चुकवून बांधाआड लपला! एक आषाढी अशी गेली, दुसरीही गेली.

मग एके दिवशी त्यांच्या घरधनिणीने धुण्याला सदरा घेतला आणि मणी तिच्या हाती लागले. तिने विचारले, "हे कुणाचं?" बाबांनी सांगितले. ती माउली रागावली नाही, रडली नाही. एवढेच म्हणाली, "हे आपल्या घरातलं न्हाई. ज्याचं त्याला पोचवून या."

बाबा गेले. म्हातारी उंबऱ्यात धान्य निवडत बसली होती. तिने वर पाहिले आणि म्हणाली, "आलास? दोन आषाढ्या गेल्या की रं. रस्त्यावर उभी राहून तुला हुडकत हुते." बाबांनी मणी तिच्या ओंजळीत ठेवले. ती बराच वेळ ते चाचपीत राहिली. मग तिने एकच प्रश्न विचारला, "शेवटाला त्याला पाणी मिळालं का?"

बंधूंनो, इथे खोटे बोलणे किती सोपे होते! होय म्हटले असते तर आईचा जीव थंड झाला असता, आणि बाबांची सुटका झाली असती. बाबा म्हणाले, "आये, मला ठाव न्हाई. मी तिथं न्हवतो. माझ्या जागी त्यो गेला हुता." दोन वर्षे जे तोंडातून निघत नव्हते ते निघाले. म्हातारी गप्प राहिली. चुलीकडे पाहत राहिली. मग उठली आणि म्हणाली, "भाकरी टाकते. खाऊन जा." आणि जेवण झाल्यावर म्हणाली, "औंदा मला वारीला घेऊन चल. त्यो न्हेणार हुता."

१९४८ च्या आषाढीला बाबा तिला घेऊन निघाले. सात मणी तिने आपल्याच माळेत ओवून घेतले होते. नऊ वाऱ्या तिने केल्या. दहाव्या वर्षी ती देवाघरी गेली तेव्हा माळ तिच्या गळ्यात होती. त्यानंतर दरसाल बाबा बारीत दोनदा उभे राहू लागले.

ही झाली हकीकत. आता तिच्यातून आपण काय घ्यायचे?

पहिली गोष्ट ही की, गेलेल्यासाठी दुःख करणे हे भक्तीला कमीपणा आणणारे नाही. काही लोक चटकन म्हणतात, "आत्मा अमर आहे, रडायचे कशाला?" सिद्धांत खरा आहे. भगवंतांनी तो रणांगणावरच सांगितला आणि माऊलींनी शके १२१२ मध्ये तो आपल्या मायबोलीत उलगडून आपल्या ओंजळीत घातला. पण ज्या मुखाने तो आपल्याला कळला, ती माऊली शके १२१८ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधिस्थ झाली तेव्हा काय झाले? नामदेवराय व्याकुळ झाले. निवृत्तिनाथ तर माऊलींचे गुरू, ज्ञानाचे मूळपीठ, तेही गहिवरले. यांना आत्म्याचे अमरत्व कळले नव्हते काय? कळले होते. तरी संगत तुटल्याचे दुःख झाले. म्हणून कुणाच्या घरी तरणा मुलगा सीमेवर पडला असेल तर तिथे जाऊन वेदांत सांगू नका. अगोदर शेजारी बसा. भाकरी टाकायला पीठ आहे का ते पाहा.

दुसरी गोष्ट. संगत्याचे ऋण कसे फेडावे याचा वस्तुपाठ नामदेवरायांनीच घालून दिला आहे. परंपरा सांगते की, मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा व इतर कामकरी गाडले गेले. मजुरीला गेलेला माणूस, परक्याच्या कामावर, दगडमातीखाली गेला. मोठ्यांना त्याची काय क्षिती? पण नामदेवराय स्वतः मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यातली हाडे उचलून एकेक कानाशी लावली. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची, असे ओळखून त्यांनी ती पंढरीस आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली. आज आपण नामदेव पायरीशी डोके टेकतो आणि समोरच चोखोबांचे दर्शन घेतो. दोन मित्र समोरासमोर आहेत. पाहा, नामदेवराय घरी बसून "चोखोबा, चोखोबा" करीत राहिले नाहीत. ते उठले, चालत गेले आणि ढिगाऱ्यात हात घातला.

यातून तिसरी गोष्ट निघते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मोह वेगळा आणि स्मरण वेगळे. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. दोहोंतही डोळ्यांत पाणी असते. हवालदारबाबा पहिली दोन वर्षे गड्याला विसरले होते काय? मुळीच नाही. रात्रंदिवस तोच डोळ्यांपुढे होता. पण ती आठवण स्वतःभोवती फिरत होती. माझ्यामुळे गेला, मी तोंड कसे दाखवू, लोक काय म्हणतील, म्हातारी काय म्हणेल. यात गडी कुठे आहे? यात सगळा "मी" आहे. दुःखाचे पांघरूण घेऊन बसलेला तो अहंकारच. म्हणून त्या आठवणीने त्यांना माऊलींच्या पालखीपासूनही दूर नेले. ज्या दिवशी ते दोन कोस चालून गेले आणि आईपुढे खरे बोलले, त्या दिवशी मोहाचे स्मरण झाले. मोह माणसाला बांधाआड लपवितो. स्मरण त्याला वाटेला लावते. वारकऱ्याला हे वेगळे सांगायला नको, कारण आपला सारा संप्रदायच चालत्या स्मरणाचा आहे.

कोणी विचारील, बाबा दुसऱ्यांदा बारीत उभे राहत, त्याचे पुण्य त्या गड्याला पोचत होते काय? मीही लहानपणी आमच्या दिंडीच्या महाराजांना हे विचारले होते. ते हसले आणि म्हणाले, "पुण्य कुणाच्या खाती जमा होते ते पांडुरंग जाणे. पण पायांत त्राण नसताना जो दुसऱ्यासाठी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो, त्याचा मीपणा किती झिजला ते मला दिसते. तेवढे दिसले तरी पुरे."

आपल्या वारीचे आणि फौजेचे नाते जुने आहे. माऊलींच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. दिंड्यांचे क्रम, चोपदारांचा दंड, समाजआरतीच्या वेळी दंड वर होताच हजारो टाळांचे एकदम थांबणे, हे सारे पाहिले की शिपायाची शिस्त भक्तीच्या सेवेला कशी लागली ते ध्यानी येते. तुकोबारायांच्या गाथेतही पाइकाचे अभंग म्हणून स्वतंत्र अभंग आहेत. पाईक म्हणजे पायदळाचा शिपाई. धन्याच्या कामात स्वतःच्या जिवाचा हिशेब न करणारा तो पाईक, आणि भक्तानेही देवाच्या दारी असेच पाईक व्हावे, हे महाराजांचे सांगणे. परंतु यावरून लढाईचा अभिमान धरावा असे कुणी समजू नये. बाबांना गावातली पोरे विचारीत, "तुम्ही किती मारले?" बाबा तिथून उठून जात. एकदा मात्र म्हणाले, "किती मारले हे काय इचारता? माझ्यासंगं कोण कोण हुतं ते इचारा. मी रातभर सांगीन."

हे वाक्य मी आपल्या पदरात घालू इच्छितो. त्या महायुद्धात हिंदी फौजेचे सुमारे ८७ हजार जवान कामी आले. त्यानंतर १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ ची कारगिलची लढाई झाली. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत पडलेल्या जवानांची घरे आहेत आणि त्यांच्याबरोबर राहिलेले संगतीही आहेत. दिंडीत आपल्या शेजारी ताठ चालणारा, कमी बोलणारा एखादा म्हातारा फौजी असेल. त्याला विचारा, तुमच्याबरोबर कोण होते? नाव विचारा, गाव विचारा. आणि जमले तर त्या गड्याच्या घरी जाऊन या. पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला हार घेऊन सारेच जातात. तुम्ही एखाद्या साध्या दिवशी, पेरणीच्या आधी किंवा दिवाळी उलटल्यावर जा. तेव्हा त्या घरी कोणी येत नसते.

आणखी एक सांगून सेवा पुरी करतो. जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या गावी तिथल्या लोकांनी यशवंत घाडगे यांच्या नावाने एक स्मारक उभारले. ते स्मारक म्हणजे सावलीवरून वेळ दाखविणारे सूर्याचे घड्याळ आहे, आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचे बोधवाक्य त्यावर आहे. परक्या मुलखातल्या लोकांना एकोणऐंशी वर्षांनी आपल्या पळसगावच्या पोराची आठवण झाली! माऊलींनी पसायदानात ज्या सूर्याचे मागणे केले ते एका गावासाठी नाही, साऱ्या विश्वासाठी. ज्या भूमीवर माणसांनी माणसे मारली तिथेच माणसांनी एका सूर्याची खूण उभी करावी, हे वाचून मला हवालदारबाबांची फार आठवण झाली. ते आता नाहीत. १९८९ च्या माघीनंतर त्यांनी देह ठेवला.

त्या सालापासून बारीत दोनदा उभे राहण्याचा नेम मी घेतला आहे. पहिले दर्शन माझे. दुसऱ्या वेळी विटेवरच्या पायांवर डोके टेकताना मी त्या दोघांचे नाव घेतो, आणि सात मणी माळेत ओवणाऱ्या त्या आईचेही. यंदा आपण रिंगणाला जाल, मोकळ्या पाठीचा अश्व समोरून जाईल, तेव्हा माती कपाळी लावायला वाका. एकदा आपल्यासाठी वाका, आणि जो आपल्या जागी गेला त्याच्यासाठी पुन्हा एकदा.

रामकृष्णहरि.